घरून की ऑफिसातून? ऑफर स्वीकारण्याआधी

दोन ऑफर हातात आहेत. एक पूर्ण घरून, एक रोज ऑफिसात, पगार जवळपास सारखाच. अशा वेळी बहुतेक जण वाचणारा प्रवास मोजतात. मी दोन्हीकडे काम केलंय आणि आता आधी एवढंच बघते: माझं काम कोणाच्या नजरेला पडणार, आणि अप्रेझलला माझी बाजू कोण मांडणार?

समाधानाच्या बाबतीत घराचं पारडं जड आहे. सीट्रिप या चिनी ट्रॅव्हल कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये २०१० साली नऊ महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांना आठवड्याचे चार दिवस घर; विषमवाले ऑफिसातच. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. मेख पुढे आहे. कामगिरी तेवढीच असूनही त्यांना बढती कमी मिळाली. प्रयोगानंतर निवड दिली तेव्हा बरेच जण ऑफिसात परतले. एकटेपणा!

बढती हुकते कशी? सहा जण मीटिंग रूममध्ये, दोघं स्क्रीनवर. मीटिंग संपते, स्क्रीन बंद होते आणि लिफ्टपाशी साहेब म्हणतात, "ते नवीन काम तूच घे ना." स्क्रीनवरच्या दोघांना हे सोमवारी ईमेलमधून कळतं. मुद्दाम कोणी डावललेलं नसतं, मग तक्रार तरी कशाची करणार?

ऑफिसवाल्यांचं दुखणंही खोटं नाही. "तू आहेसच ना इथे" म्हणत बंद पडलेला प्रिंटर, नवा आलेला मुलगा, अचानक टपकलेला क्लायंट, सगळं त्यांच्याच गळ्यात. अप्रेझलच्या फॉर्मवर याला रकानाच नसतो. तरी नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील तर मी डोळे झाकून ऑफिस म्हणेन. शेजारच्या खुर्चीवरून "अगं, हे असं नको करूस" ऐकायला मिळतं, त्याला तोड नाही.

हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आणि काही ऑफिसातून, मिळत असेल तर उत्तम. त्याच कंपनीत पुढे १,६०० हून अधिक जणांवर आठवड्यातून दोन दिवस घरून कामाचा प्रयोग झाला. नोकरी सोडणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं आणि बढत्यांत फरक दिसला नाही. फक्त तुमचे आणि साहेबांचे ऑफिसचे दिवस जुळतात का, ते बघा.

मुलाखतीत सरळ विचारा: मागच्या खेपेला बढती मिळालेल्यांत घरून काम करणारे किती होते? "आमच्याकडे सगळे सारखेच" असं उत्तर आलं, तर आकडा मिळालेला नाही, हे लक्षात घ्या आणि पुन्हा विचारा.