ग्रेट सर्कल मॅपर आणि ट्रॅव्हलमॅथ: अंतर बिनधास्त घ्या, वेळ मात्र तपासून

मुंबई ते दिल्ली विमानाचं अंतर विचारलं की दोन्ही साइट १,१४० किलोमीटरच्या आसपासच सांगतात. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची रेघ मोजायची, इतकाच तो हिशोब असतो, त्यामुळे अंतरात सहसा घोळ होत नाही. त्यातही ग्रेट सर्कल मॅपर कधीही सरस. दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकून मध्ये आडवी रेघ दिली की नकाशा, अंतर आणि निघतानाची दिशा सगळं एकदम मिळतं. स्वल्पविराम देऊन पुढची जोडी लिहिली की मुंबई–नागपूर (साधारण ६८० किमी) त्याच तक्त्यात येतं. एकक तेवढं बघून घ्या. मैल, नॉटिकल मैल (१.८५२ किमी) आणि किलोमीटर यांत गल्लत झाली की पुढचं सगळं गणित फसतं. कोडही नीट टाका: गोव्यात जीओआय म्हणजे दाबोळी विमानतळ, जीओएक्स म्हणजे मोपा. या दोघांत सरळ रेषेतच चाळीसेक किलोमीटर आहेत, टॅक्सीने तर त्याहून बरेच जास्त.

वेळेचं काय? ट्रॅव्हलमॅथ ताशी ५०० मैल वेग धरतं आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतं. त्या हिशोबाने दिल्ली एक तास पंचावन्न मिनिटांत यायला हवी. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास दिसतात, आणि खरे तेच. ही वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. मग जमिनीवर रांग आणि वर घिरट्या ठरलेल्याच.

लांबच्या प्रवासात वारा आडवा येतो. मुंबई–लंडन ७,२०० किमी; सूत्र जाता-येता दोन्हीकडे साडेनऊ तासच सांगतं. प्रत्यक्षात पश्चिमेकडून येणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे जाताना दहाच्या आसपास लागतात, येताना तासभर कमी. बंद आकाशाचाही सूत्राला पत्ता नसतो: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालू लागली. नकाशावरची रेघ होती तशीच राहिली. छोट्या मार्गावर एटीआर (पंख्याचं छोटं विमान) असेल तर वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेटचं गणित तिथे लागूच पडत नाही. ग्रेट सर्कल मॅपरमध्ये वेग स्वतः भरता येतो, ही त्याची मोठी सोय.

कनेक्टिंग तिकीट काढताना दोन्ही साइटची वेळ धरू नका. वेळापत्रकातली सुटायची आणि पोहोचायची वेळ घ्या, दोन्ही भारतीय वेळेत आणा आणि वजाबाकी करा. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार.