समुद्रासाठी मोठी शिडाची बोट: मोनोहल की कॅटामरान?
गंगापूर धरणाकाठी भेळ खाताना हा वाद हमखास रंगतो. मोनोहल म्हणजे एकाच धडाची बोट, कॅटामरान म्हणजे शेजारी-शेजारी दोन धडं जोडलेली. कॅटामरान फारशी कलत नाही. ओट्यावरचा चहा सांडत नाही, खोल्या ऐसपैस, बाजूचा वारा मिळाला तर वेगही जास्त. आम्हा नाशिककरांच्या पोटाला हे बरं! पण गोव्याहून मुंबईला निघालात की दुपारचा वायव्येचा वारा तोंडावर येतो. तिथे मोनोहल समोरच्या वाऱ्याच्या दिशेला जास्त जवळून, कमी तिरकी जात पुढे सरकते, आणि सामान वाढलं तरी तितकी मंदावत नाही. आडवी झाली तरी खालच्या जड कीलमुळे (तळाला लावलेल्या वजनदार पात्यामुळे) पुन्हा उभी राहते. उलटलेली मोठी कॅटामरान उलटीच राहते. नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ मोनोहलच. उथळ खाडीत मुलाबाळांसह रमायचं असेल तर मात्र कॅटामरान घ्या.