फोरम थिएटर कार्यशाळा: पोलीस आणि तरुणांसाठी घ्यावी का?

व्याख्यानात पोलीस बोलतात आणि मुलं ऐकतात, म्हणजे रस्त्यावर चालतं तेच सभागृहात. फोरम थिएटर हा क्रम उलटवतं, म्हणून त्याला पूर्ण गुण.

ब्राझीलचे रंगकर्मी आउगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत घडवली. पाच-सात मिनिटांचा प्रसंग आधी वाईट शेवटापर्यंत करून दाखवायचा: चौकात मुलांना अडवलं, झडती सुरू झाली, आवाज चढले. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. यावेळी कुणीही प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून मुलाची जागा घेतो आणि वेगळं वागून बघतो. सूत्रधाराने (बोआल त्याला जोकर म्हणत) निकाल द्यायचा नाही. फक्त विचारायचं, ‘असं खरंच चाललं असतं?’

मूळ नियमात दबलेल्या पात्राचीच जागा घेता येते. इथे मात्र तिसरी फेरी हवीच, भूमिका बदलून. ‘हात वर’ आणि ‘ओळखपत्र काढ’ हे दोन हुकूम एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे मुलाच्या भूमिकेतल्या पोलिसाला तिथे अंगावर कळतं. पोलीस झालेल्या मुलासमोर पाच जण एकदम बोलतात, एकाचा हात खिशात असतो, आणि कुणाकडे आधी बघावं हेच त्याला सुचत नाही. दोघांनाही हे तोंडी सांगून पटत नाही.

थेट झडतीच्या प्रसंगाने सुरुवात करू नका. पहिला अर्धा तास आरशाचे (समोरच्याच्या हालचालींची हुबेहूब नक्कल करायची), आवाजाचे, अगदी खुळचट वाटणारे खेळ घ्या. न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ आणि कार्यकर्त्या लेनोरा फुलानी यांनी पोलीस आणि तरुणांसाठी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑपरेशन कॉन्व्हर्सेशन: कॉप्स अँड किड्स’ या उपक्रमातही उत्स्फूर्त अभिनयाला संवादाइतकंच स्थान आहे. एकत्र हसं झालं की भीड चेपते.

कार्यशाळा फसते ती बहुधा आयोजनात. वरिष्ठ अधिकारी खुर्ची टाकून बसले की शिपाई पाठ केलेलं बोलतात. गणवेश आणि शस्त्र असेल तर मुलं गप्प. संहिता पोलीस खात्यानेच लिहिली तर प्रचारनाट्य होतं. प्रसंग मुलांच्या अनुभवातून यायला हवेत, पण नाव-गाव बदलून. चित्रीकरण नको. दोन्ही बाजूंचे दहा-दहा जण पुरेत. शेवटची चाळीस मिनिटं चर्चेसाठी राखा. वेळ संपत आला की आयोजक आधी तीच कापतात, आणि भडकलेली मनं तशीच घरी जातात.

एकाच दुपारचं सत्र कुणी देऊ करत असेल तर घेऊ नका. त्याच माणसांसोबत किमान चार सत्रं मागा.