लघुगुरूंची पक्की बैठक, मुक्तछंदाची घाई

सोलापुरात शनिवार-रविवारी संध्याकाळी भरणारा छंद-वृत्तांचा एक वर्ग नुकताच पूर्ण केला. कविता लिहिणाऱ्यांनी, आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्यांनी तर आवर्जून, करावा असा हा वर्ग आहे.

येथे गण (लघु-गुरू अक्षरांचे तीन-तीनचे गट) लक्षात ठेवण्याचे 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र पाठ करून घेण्याआधी ओळ मोठ्याने म्हणायला लावतात. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' ही ओळ सर्वांनी म्हटल्यानंतरच सरांनी फळ्यावर 'लगागा'ची (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) चार आवर्तने, म्हणजेच भुजंगप्रयात वृत्त, मांडली. त्यामुळे 'सर्वां'मधला 'स' ऱ्हस्व असूनही पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू कसा होतो, हे नियमाआधी कानाला कळले. अभंगही असाच उलगडला. 'सुंदर ते ध्यान'मध्ये सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. यमक 'विटेवरी' आणि 'कटावरी' यांत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते आणि 'ठेवूनिया' हा आखूड चरण यमकाविना मोकळा राहतो.

शार्दूलविक्रीडित वृत्ताची 19 अक्षरे आणि बाराव्या अक्षरानंतरचा यती (विराम) समजावून झाल्यावर शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या एका तेलुगू भाषक सहाध्यायींनी सांगितले की, हेच वृत्त त्यांच्याकडेही आहे, पण तेथे प्रास ओळीच्या शेवटी नव्हे, तर प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षरात सांभाळतात. सोलापुरातच सहज घडू शकेल अशी ही चर्चा सरांनी 'छान' म्हणून आवरती घेतली, हे मला खटकले. मात्रावृत्ते (अक्षरांऐवजी मात्रा मोजणारी वृत्ते) शिकवताना याच गावचे शाहीर राम जोशी (1762–1812) एका वाक्यात उरकले गेले, हेही तसेच. मुक्तछंदाला तर शेवटची वीस मिनिटे मिळाली आणि तीही शंका विचारण्यात गेली.

खरी तक्रार छापील टिपणांबद्दल आहे. छंदाच्या टिपणात ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही साधी मुद्रणचूक राहत नाही: 'मुळारंभ' हा शब्द 'मूळारंभ' असा छापल्याने पहिलेच अक्षर गुरू झाले आणि भुजंगप्रयाताचा पहिला गणच मोडला. फीच्या मानाने शिकवणे उत्तम आहे. टिपणांतली प्रत्येक ओळ मात्र म्हणून पाहावी आणि मगच वहीत उतरवावी.