जुन्या ट्रकच्या केबिनला काय लावायचं: नायट्रिल, डॅम्पिंग शीट, फॉइल की फोम?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. त्याआधीची गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांनी केबिनमधल्या उकाड्याचं आणि आवाजाचं आपलं आपण बघायचं. आमची सोळा टनी जुनी टाटा आहे, इंजिनचं बॉनेट केबिनच्या आत. सीझनला ऊस, एरवी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गूळ नाहीतर शिरोलीतून कास्टिंग, आणि महिन्यातून चार-पाच वेळा गगनबावडा उतरून कोकणात. वडिलांनी तीस वर्षं ही लाइन केली. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. बॉनेट डाव्याच हाताला असतं. त्यामुळे हा विषय मला नुसत्या सजावटीचा वाटत नाही.

दुकानात गेलात की पहिली गफलत इथंच होते: ‘साउंडप्रूफ, हीटप्रूफ दोन्ही आहे’ म्हणून एकच माल गळ्यात मारतात. पत्र्याची थरथर थांबवणारा माल वेगळा, ऊन अडवणारा वेगळा, आणि इंजिनचा घरघराट अडवणारा आणखी वेगळा.

डॅम्पिंग शीट म्हणजे ब्युटाइल रबर आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. साधारण २ मिलिमीटर जाड, चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास वजन. हे पत्र्याला चिकटलं की पत्रा वाजायचा थांबतो. टपावर आतून बोट मारून बघा: आधी ‘टण्ण’ येतं, नंतर ‘ठक’. पण उष्णता याच्यानं जवळजवळ अडत नाही, चमकतंय म्हणून फसू नका. सगळा पत्रा मढवायचीही गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, पत्र्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याला लावलं तरी बहुतेक काम होतं. उरलेले पैसे नायट्रिलला ठेवा.

याच्यासारखीच दिसणारी स्वस्त डांबरी शीट मिळते, गच्चीच्या गळतीला लावतात ती. आम्ही ती टपाला लावली होती. उन्हात गडद रंगाचा पत्रा ७० अंशांच्या पुढं जातो. एप्रिलमध्ये एका दुपारी अख्खी पट्टी सुटून सीटवर पडली, आणि डांबराचा वास दोन महिने केबिनमधून गेला नाही. ती घेऊ नका.

नायट्रिल रबर म्हणजे एसीच्या डक्टला गुंडाळतात ते काळं, मऊ, बंद छिद्रांचं रबर. माझ्या मते जुन्या ट्रकला पैसे घालायचे तर याच्यातच. लोखंडापेक्षा हजारपटीहून कमी उष्णता पुढं जाऊ देतं, आणि मुख्य म्हणजे पाणी पीत नाही. टपाला १० ते १३ मिलिमीटर, दाराच्या आतून ६. चिकटवायचं सोल्युशन पत्रा आणि रबर दोन्हींना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून मगच दाबायचं. घाई केली की कोपरे सुटतात. साधारण १०५ अंशांपर्यंतच टिकतं, म्हणून सायलेन्सरच्या पाइपाजवळ किंवा बॉनेटच्या आतून लावायचं नाही.

बबल फॉइल, म्हणजे हवेचे फुगे असलेलं चंदेरी प्लास्टिक, सगळ्यात स्वस्त आणि हलकं. त्याचा चांदीचा पृष्ठभाग उष्णता परतवतो, पण समोर बोटभर तरी मोकळी हवा असली तरच. पत्रा आणि रेक्झिन यांच्यात चेपून बसवलं तर त्याचा चांदीपणा वाया गेला म्हणून समजा. लाकडी फ्रेमवर बांधलेली जुनी केबिन असेल, तर पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत ते शोभतं. नाहीतर त्याच पैशात टपाला बाहेरून पांढरा रंग मारा. त्या एका रंगानं जेवढा फरक पडतो, तेवढा आतून फॉइल चेपून पडत नाही.

आता फोम, म्हणजे गादीतला साधा पीयू. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त गाड्यांत हाच असतो आणि गाडी खातो तो हाच. एका कुशनवाल्यानं आमच्या केबिनच्या तळाला फोम टाकून वर छान रेक्झिन ताणून दिलं. पहिले चार महिने पायाखाली गादी, आवाजही कमी वाटायचा. मग पावसाळा आला. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. चढता-उतरता चिखलाचे बूट आत येतात, दाराच्या रबरातून पाणी झिरपतं, ते सगळं फोमनं पिऊन धरून ठेवलं. दिवाळीला क्लचच्या बाजूचं रेक्झिन उचललं तर खाली पत्रा पापडासारखा. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि आरपार गेला, खाली गिअरबॉक्स दिसला. डेंटरनं पत्रा कापून नवा जोडला, त्या खर्चात सगळ्या केबिनला नायट्रिल झालं असतं. ग्लास वूल (काचेची लोकर) आणि नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) यांचीही तीच गत, दोन्ही ओल धरतात. ग्लास वूल हादऱ्यानं खाली बसतं ते वेगळंच. सांगली-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातल्या गाडीचं गणित वेगळं असेल, आपल्याकडं पाणी पिणारा कुठलाही माल तळाला नको.

तळाला आवाजासाठी घ्यायचं ते लोडेड व्हिनाइल, रबराच्या चटईसारखं पण हाताला चांगलंच जड. चौरस मीटरला ५ किलोचं मिळतं. आवाज अडतो तो वजनानं, त्यामुळे हलकं-जाड दिसणाऱ्या मालाला भुलू नका. तळ सुमारे ३ चौरस मीटर धरला तर १५ किलो वाढले, सोळा टनी गाडीला ते काहीच नाही. फक्त ॲक्सिलरेटरच्या मागं आणि ब्रेक-क्लचखाली जाड थर घालू नका, पेडल पूर्ण दाबलं गेलं पाहिजे.

पण हे सगळं घेण्याआधी भोकं बुजवा. शंभरातला एक भाग उघडा राहिला, तर बाकीची भिंत कितीही भारी असली तरी आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. गिअर लिव्हरचा फाटलेला रबरी बूट, पेडलच्या खाचा, वायरींची निघालेली रबरं, दाराची चपटी झालेली बीडिंग. रात्री कुणाला तरी बॉनेटखाली टॉर्च धरायला सांगा आणि आपण अंधारात आत बसा, उजेड दिसेल तिथून आवाज आणि गरम हवा दोन्ही येतात. आमच्या गाडीत सात ठिकाणी दिसला. बॉनेटच्या कडेची पट्टी आणि गिअरचा बूट बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी करूळ घाटात वडील म्हणाले, “आता किन्नरशी (क्लीनरशी) वरडून बोलावं लागत नाही.”

बॉनेटला आतून, म्हणजे इंजिनच्या बाजूला, फॉइलचं कापड चढवलेलं सिरॅमिक ब्लँकेट लागतं. ते उघडं ठेवू नका, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. कडा नीट बंद करून रिव्हेट आणि वायसरनं बसवा. ऑइल किंवा डिझेल गळत असेल तर ते आधी थांबवा, तेल प्यालेलं ब्लँकेट पेट घेऊ शकतं. बाहेरून, पायाच्या बाजूला, नायट्रिल आणि वर रेक्झिन चालतं.

पैसे थोडेच असतील तर पहिल्या दिवशी भोकं आणि बॉनेट. मार्चच्या आत टपाला पांढरा रंग आणि नायट्रिल. दारांना डॅम्पिंग शीटचे दोन-दोन तुकडे जमतील तेव्हा. तळाचं काम मात्र पाऊस पूर्ण थांबल्यावर, दसऱ्यानंतर, ऊस सुरू व्हायच्या आधी: पत्रा खरवडून, प्राइमर मारून, आठवडाभर उन्हात दारं उघडी ठेवून. व्हिनाइल तिथं चिकटवू नका, नुसतं कापून अंथरा, म्हणजे दर सर्व्हिसिंगला उचलून खालचा पत्रा बघता येतो.