अल्फा-५ अँटिबॉडी: चिलापीच्या कल्ल्यांवर वर्षभर वापरल्यानंतर

सोडियम-पोटॅशियम एटीपीएझ म्हणजे पेशीतलं सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप. तो ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी म्हणून आमच्या लॅबमध्ये सध्या ही अल्फा-५ एकच चालते. उंदरापासून केलेली मोनोक्लोनल (एकाच जागी चिकटणारी), अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा बँकेतून, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या बँकेतून, मागवलेली. डग्लस फॅम्ब्रो यांच्या गटाने ती मुळात कोंबडीच्या एन्झाइमवर तयार केली होती. पण अल्फा सबयुनिटचा (एन्झाइमच्या मुख्य घटकाचा) जो तुकडा ती धरते, तो उत्क्रांतीत फारसा बदललेला नाही, म्हणून माशांवरही बिनतक्रार चालते. माझं काम गोड्या पाण्यातली चिलापी हळूहळू खाऱ्यात नेली की कल्ल्यांत काय बदलतं, यावर आहे.

आधी एका कंपनीची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) होती. किंमत अव्वाच्या सव्वा आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) बँडची नुसती जत्रा. अल्फा-५ने १०० किलोडाल्टनच्या आसपास एकच ठळक बँड दिला. अट एकच: सॅम्पल उकळू नका. हे प्रथिन पडद्यातून दहा वेळा आरपार जातं. ९५ अंशांवर नेलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि सगळा माल जेलच्या तोंडाशीच अडकून बसतो. लोडिंग बफरमध्ये ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलं की पुरे. ‘बँडच येत नाही’ म्हणून अँटिबॉडीला नावं ठेवणाऱ्या निम्म्या लोकांनी सॅम्पल उकळलेलं असतं, असं माझं मत आहे.

तिची खरी मजा सेक्शनवर, म्हणजे कल्ल्याच्या पातळ कापांवर. फिलामेंटवर (कल्ल्याच्या दांड्यांवर), लॅमेलांच्या (त्यावरच्या पातळ पापुद्र्यांच्या) बुडाशी, आयोनोसाइट, म्हणजे क्षारांची ने-आण करणाऱ्या पेशी, एकेक करून लखलखतात. आजूबाजूच्या पेशी जवळपास काळ्या. नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, “ताई, एन्झाइम मेम्ब्रेनचं आहे ना, मग कडा सोडून अख्खी पेशी का चमकतेय?” कारण या पेशीचा खालचा-बाजूचा पडदा आत वळत जाऊन नळ्यांचं दाट जाळं करतो आणि पंप त्या जाळ्यावर बसलेले असतात. न्यूक्लियसच्या जागी मात्र स्वच्छ काळं भोक दिसलं पाहिजे. ते भरलेलं दिसलं तर सेकंडरीवर (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या, चमकणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीवर) संशय घ्या. खाऱ्या पाण्यातल्या माशात याच पेशी फुगलेल्या दिसतात, ते बघायला अजूनही कंटाळा येत नाही.

एपिटोप, म्हणजे अँटिबॉडी धरते ती जागा, पेशीच्या आतल्या बाजूला आहे. म्हणून ट्रायटन किंवा सॅपोनिन (साबणासारखी द्रव्यं) देऊन पडदा सच्छिद्र करावाच लागतो. जिवंत पेशींवर बाहेरून ओतून काही मिळणार नाही. माशाच्या ऊतीत उंदराचं आयजीजी (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी) नसतं, त्यामुळे अँटी-माउस सेकंडरीचा बॅकग्राउंड फार कमी येतो. उंदराच्या किडनीवर करणाऱ्यांना हे सुख नाही, त्यांना माउस-ऑन-माउस ब्लॉकिंगचा खटाटोप आहेच.

आता उणी बाजू. ही अँटिबॉडी अल्फाच्या सगळ्या आयसोफॉर्मना (थोड्या वेगळ्या रूपांना) सरसकट धरते. चिलापीत गोड्या पाण्यात अल्फा-१-ए जास्त असतो, खाऱ्यात गेल्यावर अल्फा-१-बी वाढतो. ही अदलाबदल हिला दिसतच नाही. बँड तेवढाच राहिला म्हणून ‘काही बदललं नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. आयसोफॉर्मसाठी क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए मोजायची पद्धत) किंवा वेगळी अँटिबॉडी हवी. आणि प्रथिन किती आहे एवढंच कळतं, पंप किती चालतोय ते नाही. त्यासाठी ओउबेन (हा पंप बंद पाडणारं द्रव्य) घालून आणि न घालता एटीपीएझची क्रिया मोजायची जुनी पद्धतच बरी. येन्स स्को यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायाच्या नसांवर हे एन्झाइम दाखवलं तेही क्रिया मोजूनच. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा त्यांना मिळालेला अर्धा वाटा त्याच कामाचा.

मागवताना सुपरनेटंट (पेशी वाढवलेला द्रव) घ्यायचा की कॉन्सन्ट्रेट (त्याचं दाट रूप), हा प्रश्न येतो. आम्हाला सुपरनेटंट पुरतो. फक्त ‘एकास पन्नास’ असं पाठ करून ठेवू नका: लॉटगणिक आयजीजीचं प्रमाण बदलतं, ते कुपीवर बघून मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने घाला. सेक्शनला मिलिलिटरला २ ते ५ मायक्रोग्रॅम, वेस्टर्नला त्याच्या दहाव्या हिश्शापासून सुरुवात. आमचं पार्सल मधल्या एजंटने कस्टम्समध्ये रेंगाळत ठेवलं, बर्फाच्या पिशव्या कोमट होऊन आल्या, तरी कुपीला काही झालं नव्हतं. आल्या आल्या छोटे अलिक्वॉट (वाटे) करून उणे वीस अंशांवर टाका, चालू कुपी ४ अंशांवर. पेपरच्या आभारात बँकेचा उल्लेख करायला विसरू नका, त्यांची तशी अपेक्षा असते.