गळका म्हणून चांगला गिझर नेला आणि धोकादायक गिझर बसवून गेला

हे लिहायला दोन महिने गेले. बाबांना वाटत होतं की बिल्डिंगमध्ये कळलं तर लोक काय म्हणतील, एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा फसला. पण मागच्या आठवड्यात आमच्याच विंगमधल्या एका काकूंकडे सेम प्रकार झाला, तेव्हा बाबाच म्हणाले, लिही आता.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळच्या बाजूला राहतो, चौथा मजला. दोन बाथरूम, दोन्हीकडे एकाच कंपनीचे २५ लिटरचे गिझर, २०२१ च्या दिवाळीत एकदम घेतलेले. जानेवारीत बाबांच्या लक्षात आलं की बाहेरच्या बाथरूममधल्या गिझरखाली थेंब थेंब पाणी पडतंय आणि चालू केला की आतून चरचर आवाज येतोय. मी ऐरोलीला ऑफिसात होते. बाबांनी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं टाकलं, सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. तासाभरात माणूस हजर. अंगात कंपनीच्या नावाचा टीशर्ट, गळ्यात आयकार्ड, बोलायला एकदम गोड, काका काका करत.

त्याने पाणी काढून खालची प्लेट उघडली आणि कॉइलसोबत एक रॉड बाहेर आला तो बाबांच्या हातात दिला. पूर्ण खाल्लेला, खडबडीत, एका ठिकाणी आतली तार उघडी पडलेली. म्हणाला, "काका, रॉडची ही हालत आहे तर टाकीची काय असेल विचार करा. टाकी आतून सडली, म्हणूनच खाली गळतंय. पाणी वायरिंगवर गेलं तर अंघोळ करताना करंट बसेल." नेमकी आई त्याच बाथरूममध्ये अंघोळ करते. बाबा घाबरले. वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला तुमच्याकडे टँकरचं पाणी येतं ना, हार्ड, म्हणजे क्षाराच्या पाण्याला वॉरंटी लागू होत नाही. वर हेही की टॉवरच्या प्रेशरने टाकी फुटायला आलीये. बाबांनी मला फोन केला, मी मीटिंगमध्ये होते, मी पण म्हटलं बाबा आईला रिस्क नको, बदलून टाका. माझं हे वाक्य मला अजून टोचतं.

नवीन गिझर त्याच्या गाडीत तयारच होता! दुरुस्तीला आलेला माणूस नवीन गिझर गाडीत घालून कशाला फिरेल, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडायला हवा होता. फिटिंग धरून १२,४०० सांगितले, जुन्याचे ७०० वजा केले, ११,७०० यूपीआयने घेतले ते पण कुठल्यातरी खासगी नावावर, आणि हाताने लिहिलेली पावती देऊन जुना गिझर रॉडसकट घेऊन गेला.

पुढच्या रविवारी बघते तर बेडरूमच्या बाथरूममधला गिझरही गरम होताना तसाच ठिबकतोय. दोन्ही टाक्या एकाच महिन्यात कशा सडतील? कपाटातून वॉरंटी कार्ड शोधलं, त्यावर छापलेला नंबर लावला, आणि दोन दिवसांनी कंपनीचा खरा टेक्निशियन आला. त्याने जे सांगितलं ते ऐकून बाबा खाली बसले.

तो रॉड मॅग्नेशियमचा असतो, त्याला ॲनोड रॉड म्हणतात, आणि तो खाल्ला जाण्यासाठीच बसवलेला असतो. पाण्यामुळे टाकीचं लोखंड गंजण्याऐवजी आधी हा रॉड खाल्ला जातो, रॉड संपत आला की बदलायचा. म्हणजे बाबांना टाकी सडल्याचा पुरावा म्हणून जे दाखवलं, तो खरं तर टाकी वाचवणारा पार्ट होता. आणि पाणी टाकीतून गळतच नव्हतं, सेफ्टी व्हॉल्वच्या तोंडातून येत होतं. पाणी तापलं की फुगतं, मागे जायला जागा नसते, मग तो व्हॉल्व थोडं पाणी बाहेर सोडतो. गरम होताना थोडं ठिबकणं नॉर्मल आहे. गिझर बंद असतानाही सतत धार लागली किंवा बॉडीच्या शिवणीतून पाणी आलं तर काळजी करायची. चरचर आवाज कॉइलवर जमलेल्या क्षारांचा, आपल्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी मिक्स येतं त्यामुळे. प्रेशरचं म्हणाल तर १० मीटर उंचीला साधारण १ बार (हे प्रेशरचं माप), आमचे गिझर ८ बारचे, म्हणजे साधारण ८० मीटर उंचीचं प्रेशर झेलणारे, त्यामुळे त्याचाही प्रश्न नव्हता. आणि टाकीची वॉरंटी ७ वर्षं, म्हणजे २०२८ पर्यंत.

मग मी त्या टेक्निशियनला नवीन गिझर दाखवला. सिरीयल नंबर कंपनीच्या सिस्टीममध्ये नाही, आयएसआयचा शिक्का नाही, स्टारचं लेबल नाही, खोक्यावर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त. हे मी पहिल्याच दिवशी घरी आल्यावर बघू शकले असते. त्याहून वाईट म्हणजे थंड पाण्याच्या लाईनवर सेफ्टी व्हॉल्वच नव्हता, पाणी फक्त मागे जाऊ न देणारा साधा नॉन रिटर्न व्हॉल्व बसवला होता, म्हणून तो ठिबकत नव्हता आणि आम्ही खूश होतो. पाणी तापल्यावर गिझर बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला असता तर आतलं प्रेशर जाणार कुठे? आई पाच दिवस त्याखाली अंघोळ करत होती. त्या माणसाने पैसे खाल्ले त्यापेक्षा मला याचा जास्त राग आहे. तो गिझर त्याच दिवशी भिंतीवरून उतरवला.

बेडरूमच्या गिझरची सर्व्हिस, क्षार काढणं आणि नवीन रॉड धरून ११०० रुपयांत झाली, छापील बिलासकट. बाहेरच्याचंही एवढ्यातच भागलं असतं. आता आमच्या पाण्याला दर दोन वर्षांनी रॉड उघडून बघायला सांगितलंय.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला पण फोन केला, तिथे म्हणाले पैसे गेल्या गेल्या करायला हवा होता. त्या माणसाचा नंबर बंद. पैसे मिळालेले नाहीत.

काकूंकडे मात्र त्यांच्या मुलाने जुना गिझर न्यायला दिला नाही. त्याने नको म्हटल्यावर तो माणूस ७०० वरून २००० पर्यंत चढला होता, आतल्या कॉइलचं तांबं विकायला म्हणा किंवा रिपेअर करून दुसऱ्याच्या घरी नवा म्हणून लावायला म्हणा. आता तो गिझर कंपनीचा माणूस येऊन बघणार आहे.

वाघबीळ, कासारवडवली, मानपाडा या पट्ट्यात कोणाकडे असा माणूस आला असेल तर पावतीचा फोटो जपून ठेवा आणि मला कळवा, पोलिसांना सगळे अर्ज एकत्र द्यायचेत.